नागोयाचा बेंजो

भिसेगावात हळद असो की गणपतीचं विसर्जन, सुपारी बहुतेक वेळा बेंजो पार्टीला जाते. कर्जत स्टेशनाला खेटलेल्या या गावात काय किंवा खालापूरच्या वाड्यांमध्ये काय, ढोल, ताशा, कच्छी आणि पॅड कितीही वाजले तरी गाणं ओळखू येतं ते बेंजोमुळे. चाल तोच सांगतो.

हा बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या धातूच्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारख्या कळांच्या रांगा. डाव्या हाताने कळ दाबली की खालची पट्टी तारेवर टेकते, उजव्या हाताने तार छेडायची. अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या गोल बॅन्जोशी त्याचं नातं नाही. पुस्तकात त्याला बुलबुल तरंग म्हणतात.

त्याचं मूळ घर जपानमध्ये आहे. १९१२ साली नागोयात मोरिता गोरो यांनी निगेनकिन या दोन तारांच्या जुन्या वाद्याला कळा बसवल्या. तेव्हा ताइशो सम्राटाची कारकीर्द नुकतीच सुरू झाली होती, म्हणून वाद्य ताइशोगोतो झालं. कोतो हे जपानी तंतुवाद्य वाजवायला वर्षानुवर्षं गुरूकडे बसावं लागे. या नव्या वाद्याच्या कळांवर आकडे असत, आकड्यांतच गाणी लिहिलेली असत, आणि साध्या घरातली माणसंही ती वाजवू शकत. मोरितांचं खरं मोठेपण मला यात दिसतं.

व्यापाराच्या वाटेने हे वाद्य पुढे पूर्व आफ्रिकेच्या ताराब संगीतात गेलं. बलुचिस्तानात त्याची लांबी वाढली आणि ते बेंजू झालं. चीनमध्ये त्याला फिनिक्स पक्ष्याचं नाव मिळालं, फंगह्वांग चिन. लिऊ शिंगलोंग यांच्या १९९२च्या त्याच नावाच्या कथेत डोंगरातल्या एका गरीब शाळेत हे वाद्य आहे. त्या कथेत ते मोठ्या वाद्यवृंदात मिरवत नाही, मास्तरांच्या हाताशी राहतं. खुद्द जपानमध्ये मात्र त्याचे सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे प्रकार तयार झाले, आणि हौशी माणसं, त्यांत कितीतरी वयस्क, एकत्र बसून ताइशोगोतोचा समूह वाजवतात.

आपल्याकडे त्याला रस्ता मिळाला. पेटीला पिकअप लागला, आवाज अँप्लिफायरमधून भोंग्यात गेला, टेम्पोवर जनरेटर चढला. कळ दाबून वाजवायच्या वाद्यात सतारीसारखी मींड निघत नाही. स्वर तुटक पडतात, म्हणून वादक तार भराभर छेडून ते भरून काढतो. हीच उणीव मिरवणुकीत उपयोगी पडली, कारण तो टोकदार, थरथरता आवाज ढोलाच्या गदारोळातून आरपार जातो. आगरी-कोळी गाण्यांच्या उड्या मारणाऱ्या चाली तर जणू त्याच्यासाठीच बांधल्यासारख्या वाटतात. रवी जाधव यांनी २०१६ साली या वादकांवर 'बँजो' हा हिंदी सिनेमाही काढला.

पार्टीतली पोरं दिवसा नोकरीधंदा करतात आणि संध्याकाळी तालमीला जमतात. शिकतात ती मास्टरचा हात बघून, गाणं ऐकून. लिहून कुणी ठेवत नाही. मोरितांच्या वाद्याबरोबर आकड्यांची लिपीही होती, ती आपल्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. कुणा मास्टरने हळदीच्या जुन्या चाली कळांच्या आकड्यांत वहीत उतरवल्या, तर ती वही एखाद्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवायला मी आनंदाने घेऊन जाईन. डीजेच्या भिंती वाढत असताना हे काम लवकर व्हायला हवं.