गुणसूत्र क्रमांक २ आणि निर्मितीवाद्यांचे आक्षेप

मानवी शरीरपेशीत ४६ गुणसूत्रे असतात. चिंपँझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत ४८. माणूस आणि हे कपी एकाच पूर्वजाचे वंशज असतील, तर एक जोडी गेली कुठे? ती नुसती नाहीशी झाली म्हणावे, तर तिच्यावरची शेकडो जनुकेही गेली असती आणि जीव तगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत. युनिस आणि प्रकाश यांनी १९८२ मध्ये गुणसूत्रांवरील पट्ट्यांची तुलना करून हेच सुचवले. १९९१ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांना प्रत्यक्ष सांधाही सापडला. एरवी गुणसूत्राच्या टोकाला आढळणारे ‘टीटीएजीजीजी’ या डीएनए-अक्षरांचे आवर्तन मानवाच्या क्रमांक २ च्या गुणसूत्रात आतल्या भागात आहे, आणि तेही दोन टोके समोरासमोर भिडावीत तसे. शिवाय त्याच गुणसूत्रावर निकामी झालेल्या दुसऱ्या गुणसूत्रबिंदूच्या (सेंट्रोमिअरच्या) खुणा आहेत.

शाळेत उत्क्रांती कशी शिकवावी यावरून अमेरिकेत झालेल्या डोव्हर शाळा खटल्यात (२००५) जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी हा पुरावा न्यायालयात मांडला. मिलर श्रद्धाळू कॅथलिक आहेत, त्यामुळे या वादाला विज्ञान विरुद्ध धर्म असे रूप देणे चुकीचे ठरते.

निर्मितीवाद्यांची, म्हणजे उत्क्रांती नाकारून सजीव ईश्वरानेच घडवले असे मानणाऱ्यांची, या पुराव्याला दिलेली उत्तरे एका सुरातली नाहीत. इन्स्टिट्यूट फॉर क्रिएशन रिसर्चचे जेफ्री टॉमकिन्स यांच्या मते असा सांधा कधी झालाच नाही. ही जागा जेमतेम आठशे अक्षरांची आहे आणि तिच्यातला क्रम फार बिघडलेला आहे, असे ते म्हणतात. पण टोकाची जागा सुटल्यावर त्या क्रमाची देखभाल थांबते आणि त्यात बदल साचत जातात. लाखो वर्षांनी तो जसाच्या तसा उरला असता, तर तेच नवल होते. २०१३ मध्ये टॉमकिन्स यांनी ही जागा डीडीएक्स११एल२ या कार्यरत जनुकाच्या आत असल्याचे, म्हणून ती सांध्याची खूण नसल्याचे सांगितले. हा मुद्दा उलट त्यांच्याच विरोधात जातो: या जनुककुलाच्या इतर प्रती गुणसूत्रांच्या टोकांजवळच आढळतात, म्हणजे ही जागाही मुळात टोकाचीच असावी.

दुसरा गट सांधा झाल्याचे मान्य करतो, मात्र तो मानववंशातच घडला, त्यावरून कपींशी नाते सिद्ध होत नाही, असे म्हणतो. हा आक्षेप अधिक विचारपूर्वक केलेला आहे. एकटा सांधा फक्त इतकेच सांगतो की आपल्या पूर्वजांत ४८ गुणसूत्रे होती, हे खरेच. नाते ठरते ते सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या जनुकक्रमावरून, आणि तो चिंपँझीच्या दोन स्वतंत्र गुणसूत्रांशी ओळीने जुळतो. त्या जुळणीचे समाधानकारक उत्तर या दोन्ही गटांकडे नाही. आणि सांधा झाला की नाही, यावर तर त्यांचे आपसांतच एकमत नाही.

चिंपँझीची ही दोन गुणसूत्रे पूर्वी क्रमांक १२ व १३ म्हणून नोंदली जात. आता त्यांना २ए आणि २बी असे क्रमांक आहेत.