नंबर नाही, आवाज बघा : दोन संगणकांमधल्या केबलची गोष्ट



गेल्या भागात आपण फील्ड टेलिफोनबद्दल बोललो. आजची गोष्ट त्याच घराण्यातली, पण जरा अलीकडची. या भागाच्या व्हिडिओत मी एक केबल हातात धरून दाखवली होती. पुस्तकात ती दिसणार नाही, म्हणून सांगतो : जेमतेम दोन हात लांब, एका टोकाला पंचवीस पिनांचा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा, आणि दोन्हीकडे काळी टेप गुंडाळलेली. तीस वर्षांहून जुनी आहे. घर बदलताना बायकोने दोनदा भंगारात काढली, दोनदा मी परत आणली.

आज फोनमधून फोटो पाठवायला आपण केबल शोधतसुद्धा नाही. पण दोन संगणक शेजारी ठेवून एकातलं दुसऱ्यात न्यायचं, ही एके काळी मोठी डोकेदुखी होती. कारण तारेत नव्हतं. ज्याने त्याने आपली जी भूमिका धरून ठेवली होती, त्यात होतं.

अमेरिकेत १९६० साली आरएस-२३२ नावाचं एक मानक ठरलं. १९६९ साली त्याची ‘सी’ आवृत्ती आली आणि पुढची अनेक वर्षं तीच चालली. हे मानक दोन बरोबरीच्या यंत्रांसाठी नव्हतंच. एका बाजूला टेलिप्रिंटर किंवा टर्मिनल, दुसऱ्या बाजूला मोडेम, आणि मोडेमच्या पलीकडे टेलिफोनची लाइन, अशी ती मांडणी. पंचवीस पिनांपैकी दोन नंबरवर टर्मिनल बोलणार आणि मोडेम ऐकणार. तीन नंबरवर मोडेम बोलणार, टर्मिनल ऐकणार. सात नंबर दोघांची सामाईक जमीन. प्रत्येकाची जागा ठरलेली, त्यामुळे सरळ केबल लावली की काम झालं.

पुढे टेबलावरचे संगणक आले आणि त्या सगळ्यांनी टर्मिनलची जागा घेतली. आता दोन संगणक सरळ केबलने जोडले तर काय होणार? दोघंही दोन नंबरवर बोलतात, दोघंही तीन नंबरवर कान लावून बसतात. तोंडासमोर तोंड, कानासमोर कान. मग लोकांनी उपाय काढला : केबलच्या आतच दोन आणि तीनची अदलाबदल करायची. प्रत्येक संगणकाला वाटतं की समोर मोडेम आहे, प्रत्यक्षात मोडेम कुठेच नाही. म्हणून या केबलला ‘नल मोडेम’ म्हणतात, म्हणजे नसलेला मोडेम. दोन बरोबरीच्या यंत्रांना बोलतं करायला थोडी फसवणूक करावी लागली, असंच म्हणा ना.

आता माझी गोष्ट. साल १९९४, उत्तरेतली एक छावणी. मी पायदळातला अधिकारी, शिक्षणाने बी.एस्सी. तेवढ्या भांडवलावर युनिटमधला ‘संगणकवाला’ ठरलो होतो. आमच्याकडे वीस मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला एक जुना पीसी-एक्सटी होता. त्यात डीबेसमध्ये जवानांची यादी होती : घरचा पत्ता, जवळचं पोस्ट, आणि काही बरंवाईट झालं तर तार कुणाच्या नावे करायची. मूळ कागद रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. पण वेळ आली की युनिटला उत्तर लगेच हवं असतं. आधी हे सगळं नोंदवहीतही उतरवलं जायचं. ‘दोनदा लिहिण्यात वेळ का घालवायचा’ म्हणून नोंदवही मीच बंद केली होती. दोन वर्षांतले सगळे बदल फक्त त्या डिस्कवर होते.

एके दिवशी डिस्क करकरायला लागली. सकाळी यंत्र चौथ्या प्रयत्नाला सुरू झालं. फ्लॉपी ड्राइव्ह आधीच गेला होता आणि जुन्या फ्लॉप्यांना पावसाळ्यात बुरशी लागली होती. नव्याने आलेल्या ४८६ यंत्राला साडेतीन इंची फ्लॉपी, जुन्याला सव्वापाच इंची. म्हणजे ड्राइव्ह चालू असता तरी फ्लॉपी इकडची तिकडे गेली नसती. युनिट पंधरवड्यात हलणार होतं, आणि जिथे जाणार होतं तिथे ती यादी लागण्याची शक्यता सगळ्यांनाच ठाऊक होती.

नव्या यंत्रावर एमएस-डॉस ६ होतं. १९९३ साली आलेल्या या आवृत्तीत इंटरलिंक नावाचा प्रोग्रॅम होता. केबल लावली की एका संगणकाची डिस्क दुसऱ्याला आपलीच असल्यासारखी दिसायची. त्याआधी १९८०च्या दशकात लॅपलिंक नावाच्या प्रोग्रॅमने हेच काम करून नाव कमावलं होतं. आमच्याकडे प्रोग्रॅम होता, केबल नव्हती.

सिग्नल्सच्या तुकडीतून एक हवालदार बोलावला. तमिळनाडूचा, टेलिप्रिंटर दुरुस्तीत मुरलेला. मी ऐटीत सांगितलं, ‘दोन नंबर तीनला जोडा, तीन नंबर दोनला.’ तो म्हणाला, ‘साब, पहले मीटर लगाके देख लूँ?’ मी म्हटलं, वेळ नाही. त्याने ‘जी साब’ म्हणून मी सांगितलं तसे डाग दिले. केबल लावली. काहीच नाही. कमांड तपासल्या, यंत्रं पुन्हा सुरू केली. जुनं यंत्र बंद करून सुरू करताना दर वेळी छातीत धडधड. यात एक तास गेला.

शेवटी तो काही न बोलता मीटर घेऊन बसला. काळी तार जमिनीच्या पिनवर, लाल तार एकेका पिनवर. बोलणारी पिन गप्प असतानाही उणे दहा-बारा व्होल्ट दाखवते, ऐकणारी जवळजवळ शून्य. जुन्या यंत्राचं पंचवीस पिनांचं पोर्ट दोन नंबरवर बोलत होतं. नव्याचं नऊ पिनांचं पोर्ट तीनवर! म्हणाला, ‘नंबर पे मत जाओ साब. कौन बोल रहा है, वो देखो.’

झालं होतं असं, की आयबीएमने १९८४ साली पीसी-एटीला नऊ पिनांचं पोर्ट दिलं, तेव्हा बोलण्या-ऐकण्याचे नंबर उलटे झाले. त्यामुळे पंचवीस ते नऊ अशा नल मोडेम केबलमध्ये दोनला दोन आणि तीनला तीनच जोडायचे असतात. अदलाबदल नंबरातच झालेली. मी पाठ केलेला नियम लावून ती उलटवून टाकली होती.

तारा बदलल्या, तरी अजून एक अडचण होती. इंटरलिंकचा प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर न्यायचा कसा? फ्लॉपी तर नाही. त्याची सोय त्या प्रोग्रॅममध्येच होती : तो केबलमधून स्वतःची प्रत पलीकडे पाठवू शकत असे. पण त्यासाठी तीन तारा पुरत नाहीत, सात लागतात. उरलेल्या चार तारा ‘पाठवू का?’, ‘पाठव’, ‘मी तयार आहे’ अशा शिष्टाचाराच्या. त्याही जोडल्या. जुन्या यंत्रावर दोन ओळी टाइप केल्या आणि सेकंदाला २४०० बिट या गतीने प्रोग्रॅम पलीकडे सरकू लागला. चारेक मिनिटं लागली. त्यानंतर मूळ माहिती. सर्वांत वरचा वेग १,१५,२०० बिटचा, पण जुन्या यंत्राला तो झेपेना. ३८,४०० वर आलो. सगळं उतरायला सव्वा तास लागला. हवालदार तोवर स्टुलावर बसून होता. मी त्याला चहा दिला आणि माफीही मागितली. तो फक्त हसला.

जुनी डिस्क त्यानंतर तीन आठवडे चालली. पण हे त्या रात्री कुणाला ठाऊक होतं?

पुढच्या वर्षी त्या यादीतून एक पत्ता काढायची वेळ आली. नोंदवहीत वडिलांचं नाव होतं, गाव एक. यादीत बायकोचं नाव होतं, गाव दुसरं. तार योग्य दारी गेली. याहून जास्त त्याबद्दल मी बोलणार नाही.

या केबलचं पुढे काय झालं, ते थोडक्यात. विंडोज ९५ मध्ये ‘डायरेक्ट केबल कनेक्शन’ आलं. इथरनेटमध्येही तोच पेच होता : १९९०च्या १०बेस-टी मानकात संगणक १ आणि २ नंबरच्या तारांवर बोलतो, ३ आणि ६ वर ऐकतो. दोन संगणक थेट जोडायचे तर उलटी, म्हणजे क्रॉसओव्हर केबल लागायची. सरळ कुठली, उलटी कुठली, हे ओळखण्यात कित्येकांच्या दुपारी गेल्या असतील. मग एचपी कंपनीच्या अभियंत्यांनी असं सर्किट बनवलं की पोर्टच तपासून पाहतं, समोरचा कुठल्या तारेवर बोलतोय, आणि आपलं तोंड-कान त्याप्रमाणे फिरवून घेतं. १९९९च्या गिगाबिट मानकात या सोयीला जागा मिळाली, आणि हळूहळू क्रॉसओव्हर केबलची गरजच उरली नाही.

यूएसबीचा मात्र स्वभाव वेगळा. तिथे एक यजमान आणि बाकीचे पाहुणे. दोन संगणक म्हणजे दोन यजमान. साध्या केबलने त्यांची आयताकृती पोर्टं एकमेकांना जोडू नका. ते बोलणार तर नाहीतच, पण दोघंही वीज पुरवत असल्याने नुकसान होऊ शकतं. त्यासाठी मध्ये चिप असलेली खास केबल मिळते.

एचपीच्या त्या सर्किटबद्दल पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला स्टुलावर बसलेला हवालदार आठवला. तो मीटर लावून जे करत होता, तेच काम आता पोर्टच्या आत, आपल्या नकळत होतं. आणि हो, नव्या यंत्रावर यादी उतरल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी नोंदवही पुन्हा सुरू केली.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.