प्रवाळाच्या पेटीचा राखणदार

मत्स्यालयातला हीटर ही साधी वस्तू. काचेच्या नळीत तापणारी तार आणि तिच्याशेजारी द्विधातूची पट्टी. पाणी थंड झाले की पट्टी सरळ होते व परिपथ जुळतो. पाणी तापले की ती वाकते व परिपथ तुटतो. प्रत्येक वेळी बारीकशी ठिणगी पडते. अशा हजारो ठिणग्यांनंतर एखाद्या दिवशी टोके एकमेकांना चिकटून बसतात आणि हीटर बंदच होत नाही.

पुढे काय होईल, हे गणित नववीच्या वर्गाला जरूर घालावे. पेटीत २०० लिटर पाणी, हीटर ३०० वॅटचा. तासाभरात मिळणारी उष्णता १०,८०,००० ज्यूल. २०० किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ८,३६,००० ज्यूल लागतात. म्हणजे तासाला सव्वा अंशाहून किंचित जास्त वाढ. हवेत निघून जाणारी उष्णता वजा केली, तरी रात्री दहाला बिघाड झाल्यास २५ अंशांचे पाणी सकाळपर्यंत तिशी ओलांडू शकते. सोनमासा एखाद वेळ हे सोसेल. प्रवाळाच्या पेशींत मात्र सूक्ष्म शैवाले राहतात, त्याचे बरेचसे अन्न तीच तयार करतात, आणि पाणी फार तापले की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो. तो पांढरा पडतो आणि पुष्कळदा मरतो.

म्हणून पेटीला राखणदार हवा. हा राखणदार किती महाग असावा आणि त्याच्या मनात काय चालले आहे हे मालकाला कळावे की नाही, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पण प्रवाळ पेटीत जगवणे त्यानंतर शंभर वर्षे अवघडच राहिले. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. जीवजंतूंसह उचललेले समुद्रातले खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, बस्स. यंत्र जवळजवळ नाहीच. अर्थात त्यांचा समुद्र हाकेच्या अंतरावर होता आणि हवा बारमाही उबदार. बर्लिनच्या हौशी लोकांना हे दोन्ही नव्हते. त्यांनी खडक घेतले. सूर्याऐवजी प्रखर दिवे लावले, फेस काढणारे यंत्र बसवले, चुन्याची निवळी घातली. फुकट मिळणाऱ्या समुद्राच्या जागी विजेची उपकरणे आली आणि प्रत्येकावर लक्ष ठेवणे भाग पडले.

लक्ष ठेवायचे तर मोजायला हवे. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ८.१ ते ८.४ असतो. पेटीत तो दिवसा शैवाले कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात म्हणून चढतो आणि पहाटे सर्वात खाली येतो. सामूची कल्पना १९०९ ची, पण तो मोजणारे सुटसुटीत उपकरण घडले लिंबाच्या रसासाठी! कॅलिफोर्नियातल्या फळबागायतदारांच्या प्रयोगशाळेत गंधक डायऑक्साइड घातलेल्या रसात लिटमसचा रंगच उडे. काचेच्या विद्युतअग्रातून येणारा विद्युतप्रवाह इतका क्षीण, की साध्या मापकाला तो जाणवेना. आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये निर्वात नळीचा प्रवर्धक जोडला. १९३५ मध्ये हे उपकरण १९५ डॉलरना विकले जाऊ लागले. त्या काळी ही मोठी रक्कम होती.

१९९० च्या दशकात मोजणारा आणि बटण दाबणारा अशी दोन्ही कामे एकाच खोक्यात आली. अमेरिकेतला अ‍ॅक्वाकंट्रोलर हे त्याचे ठळक उदाहरण. दिवे, पंप चालूबंद करायला तो सुरुवातीला एक्स-१० ही स्कॉटलंडमध्ये १९७५ मध्ये तयार झालेली पद्धत वापरी. घरातल्या विजेच्या तारांतूनच १२० किलोहर्ट्झचे संदेश धाडायचे. तिचे स्वस्त प्लग बाजारात कुठेही मिळत. पण दुसऱ्या एखाद्या उपकरणाच्या गोंगाटात संदेश हरवे आणि साधा प्लग ‘पोहोचला’ असे उलट कळवत नसे. हीटर बंद करण्याचा हुकूम वाटेतच विरला तर काय, हे वर पाहिलेच. पुढे कंपन्यांनी स्वतःच्या तारा व स्वतःचे प्लगफळे आणले. विश्वासार्हता वाढली, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. पण त्याबरोबर ग्राहक एकाच दुकानाला बांधला गेला. एपेक्स या नियंत्रकाच्या तारेचे टोक यूएसबीसारखे दिसते, पण ते यूएसबी नाही. तापमान अमुकच्या वर गेले तर बंद कर, असे नियम मालक स्वतः लिहू शकतो. आतली मूळ आज्ञावली मात्र त्याला दिसत नाही. सगळ्या जोडण्यांसह किंमत शेकडो डॉलरमध्ये. उलट पीएचच्या विद्युतअग्राचा जोड सर्वत्र बहुधा एकच असल्याने ते कोणत्याही उत्पादकाचे चालते.

कोंडी फुटली ती मत्स्यालयाबाहेरून. इटलीतल्या इव्रेया गावी २००५ मध्ये, डिझाइनच्या विद्यार्थ्यांना परवडावे म्हणून, आर्दुइनो हा छोटा फलक तयार झाला आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले केले गेले. त्यावर आधारलेला रीफ एंजल २०१० च्या आसपास आला. २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा संगणक आला आणि पुढे त्यावर चालणारी रीफ-पाय ही खुली आज्ञावली.

खुले म्हणजे फुकट नव्हे. तापमानाचा संवेदक आपल्याकडे शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. पण पीएचचे विद्युतअग्र वर्षा-दोन वर्षांत म्हातारे होते आणि ते खर्च कोणालाच चुकत नाहीत. शिवाय खाऱ्या पाण्याशेजारी २३० व्होल्टची जोडणी हे काम जाणकाराचेच. शाळेत करायचे तर १२ व्होल्टचा दिवा हीटर समजून वापरावा आणि पेटी गोड्या पाण्याची ठेवावी. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंगतीला बसवले आहे. मालवणच्या समुद्रातला तुकडाही उचलायचा नाही.

या दिव्यावर करण्याजोगा एक प्रयोग असा. ‘तापमान २५ च्या खाली असेल तर दिवा लाव’ एवढाच नियम लिहा आणि मग संवेदकाची तार ओढून काढा. आर्दुइनोवर या संवेदकासाठी जी आज्ञावली सर्रास वापरतात, ती तार तुटल्यास उणे १२७ हा आकडा देते. उणे १२७ हे २५ पेक्षा कमीच! दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. मुलांना कारण शोधू द्या. आज्ञावली उघडी असल्याने ते सापडते. मग नियमात आणखी एक ओळ घालायला सांगा: वाचन १० च्या खाली किंवा ४० च्या वर असेल, तर दिवा बंद.