क्वेबेकचा पूल आणि इंजिनियरचें कर्तव्य

वैद्याची चूक बहुधा एका रोग्यास भोंवते, वकिलाची एका अशिलास. परंतु इंजिनियरच्या हातून घडलेली चूक, ज्यांनीं त्याचें नांवही कधीं ऐकलेलें नसतें अशा शेंकडों माणसांच्या जिवावर बेतते. पुलावरून जाणारा प्रवासी पुलाचें गणित तपासून पाहात नाहीं. तो विश्वासानें पाऊल टाकतो. हा विश्वास हेंच या धंद्याचें खरें भांडवल होय. तो कसा गमावला जातो, हें कॅनडांतील सेंट लॉरेन्स नदीवरील क्वेबेकच्या पुलाच्या इतिहासावरून फार स्पष्ट दिसतें. विशेष हें कीं, या प्रकरणांत कोणी लांच खाल्ली नव्हती, कीं कोणाचा हेतु दुष्ट नव्हता. सारींच माणसें आपआपल्या परीनें प्रतिष्ठित व कष्टाळू होतीं. म्हणूनच त्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

सेंट लॉरेन्स ही प्रचंड नदी. क्वेबेक शहराजवळ तिला समुद्राची भरतीओहोटी लागते आणि हिवाळ्यांत तिच्या पात्रांतून बर्फाचे ढीगच्या ढीग वाहात येतात. वरच्या अंगाच्या मॉन्ट्रियल शहराला १८५९ सालीं पूल मिळाला आणि तेथील व्यापार भराभर वाढला. क्वेबेकचे लोक मात्र नदीकडे पाहात बसले. १८८७ सालीं पुलासाठीं एक कंपनी स्थापन झाली, पण तिच्यापाशीं द्रव्याचा तोटा. फिलाडेल्फियानजीकच्या फीनिक्सव्हिल गांवच्या फीनिक्स ब्रिज कंपनीनें पोलादी कामाचा मक्ता घेतला, आणि सल्लागार म्हणून न्यूयॉर्कचे थिओडोर कूपर यांची नेमणूक झाली.

कूपर यांचा जन्म १८३९ चा. अमेरिकेंतील पूल बांधणाऱ्या इंजिनियरांत त्यांचें नांव अग्रभागीं होतें. मिसिसिपी नदीवरील सेंट लुईच्या पुलावर त्यांनीं तरुणपणीं काम केलें होतें, आणि त्या पुलावरून नदींत पडूनही ते जिवंत राहिले होते. आगगाडीच्या पुलावर किती भार धरावा याचे त्यांनीं घालून दिलेले कोष्टक सर्वत्र प्रमाण मानलें जाई. अशा पुरुषाला आयुष्याच्या उत्तरार्धांत जगांतील सर्वांत मोठ्या पुलाचें काम चालून आलें, तेव्हां तें आपल्या कर्तृत्वाचा कळस ठरावें असें त्यांस वाटलें तर त्यांत नवल नव्हतें.

मूळ आराखड्यांत दोन मुख्य खांबांमधील गाळा १,६०० फुटांचा होता. खोल पाण्यांतील व बर्फाच्या माऱ्यांतील पायाचें काम टाळावें म्हणून १९०० सालीं कूपर यांनीं तो १,८०० फूट करण्यास सुचविलें. त्यामुळें स्कॉटलंडांतील फोर्थच्या पुलाचा १,७१० फुटांचा उच्चांकही आपोआप मागें पडला. सूचना शास्त्रदृष्ट्या अयोग्य नव्हती. परंतु गाळा लांबला कीं पुलाचें स्वतःचें वजन वाढतें, आणि तें वजन नव्यानें मोजावें लागतें. हें मोजण्याचें काम राहून गेलें. कंपनीला पैशाची विवंचना, कारखान्याला कामाची घाई, आणि सर्वांनाच कूपर यांच्या नांवाचा भरंवसा.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. कॅनडा सरकारच्या रेल्वेखात्यानें असें सुचविलें कीं, आराखडे एका त्रयस्थ तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. कूपर यांस हें खपलें नाहीं. आपल्या निर्णयावर दुसऱ्यानें शिक्कामोर्तब करावें म्हणजे आपणांस दुय्यम ठरविल्यासारखें होईल, असें त्यांचें म्हणणें पडलें. सरकारनें माघार घेतली, आणि त्या क्षणापासून एवढ्या अवाढव्य कामावर एकाच माणसाची नजर उरली. तीही शेंकडों मैल दूर असलेल्या न्यूयॉर्कमधून. कूपर यांची प्रकृति ढांसळलेली होती. नदीवर पोलादाचा सांगाडा चढूं लागल्यानंतर ते एकदांही तेथें गेले नाहींत. क्वेबेकच्या कंपनीचे मुख्य इंजिनियर होर हे सज्जन गृहस्थ होते, परंतु इतक्या मोठ्या पुलाचा अनुभव त्यांच्या गांठीं नव्हता. फीनिक्स कंपनीचे मुख्य रचनाकार झ्लाप्का हे गणितांत निष्णात, पण त्यांची आंकडेमोड तपासणारा कोणी नव्हता. अधिकार एकीकडे, ज्ञान दुसरीकडे आणि डोळे तिसरीकडे अशी ही व्यवस्था होती.

१९०६ सालच्या आरंभीं कारखान्यांतून निघालेल्या तुकड्यांचें प्रत्यक्ष वजन अंदाजापेक्षां बरेंच अधिक भरतें असें ध्यानांत आलें. तोंवर पुष्कळ पोलाद तयार झालें होतें व कांहीं भाग जागेवर चढलाही होता. कूपर यांनीं हिशेब केला. ताण शेंकडा सात ते दहांनीं वाढतो असें त्यांस दिसलें. आतां दोनच मार्ग होते. झालेलें काम मोडून नव्यानें आरंभ करावयाचा, किंवा वाढलेला ताण चालेल असें ठरवावयाचें. त्यांनीं दुसरा मार्ग पत्करला. मुळांतच त्यांनीं त्या काळच्या रूढीपेक्षां अधिक ताण मान्य केला होता. त्यावर ही भर पडली. येथें गणितानें निर्णय दिला नाहीं. आधीं खर्च झालेल्या पैशानें आणि श्रमानें तो दिला, व गणितानें मागाहून त्यास मान डोलावली.

दोष नेमका कोठें होता, हें समजण्यास वेताच्या काठीचें उदाहरण पुरेसें आहे. काठी दोन्ही टोंकांस धरून ओढली तर ती सहसा तुटत नाहीं. पण उभी धरून वरून दाबली तर ती चेंगरत नाहीं, मध्येंच वांकते, आणि एकदां वांकली कीं तिची ताकद भराभर जाते. पुलाच्या खालच्या अंगाच्या पोलादी तुळ्यांवर असाच दाब येत होता. ही प्रत्येक तूळ म्हणजे एकसंध ठोकळा नसून, शेजारीं शेजारीं उभ्या केलेल्या चार पोलादी फळ्या होत्या, व त्यांना तिरप्या पट्ट्यांच्या जाळीनें एकत्र बांधलें होतें. जाळी बळकट असली तर चारही फळ्या एकजिनसीपणें भार सोसतात. जाळी दुबळी असली तर प्रत्येक फळी एकटीच वांकूं पाहते. ही जाळी फार दुबळी होती.

१९०७ च्या उन्हाळ्यांत पूल स्वतःच बोलूं लागला. रिव्हिटांचीं भोंकें एकमेकांसमोर येईनाशीं झालीं. कूपर यांचे तरुण प्रतिनिधि नॉर्मन मॅक्लूर यांनीं ऑगस्टच्या आरंभीं कळविलें कीं, कांहीं तुळ्या वांकलेल्या दिसतात. कूपर यांनीं कारण विचारलें. कारखान्याकडून उत्तर आलें कीं, हा बांक पूर्वींपासूनचाच असावा. कूपर यांस तें पटलें नाहीं. पत्रें मात्र जात राहिलीं, आणि पत्रांबरोबर दिवसही. ता. २७ ऑगस्ट रोजीं मॅक्लूर यांनीं एका तुळेचा बांक पुन्हां मोजला. आठवड्यापूर्वीं पाऊण इंच असलेला बांक सव्वादोन इंचांवर गेला होता. पूर्वींपासूनचा बांक आठवड्यांत वाढत नाहीं, हें सांगण्यास शास्त्राची गरज नव्हती.

बांधणीवरील मुकादमानें काम थोपविलें, आणि दुसऱ्या दिवशीं तें पुन्हां सुरू झालें. होर यांनींही त्यास संमति दिली. त्यांनीं दिलेलें कारण असें कीं, काम थांबविल्यास सर्वांच्या मनावर अनिष्ट परिणाम होईल व मजूर निघून गेल्यास हंगाम फुकट जाईल. ज्या मजुरांच्या मनाची एवढी काळजी वाहिली गेली, त्यांच्या जिवाची गोष्ट या हिशेबांत आली नाहीं.

मॅक्लूर यांस सल्ल्यासाठीं न्यूयॉर्कला पाठविण्यांत आलें. २९ तारखेस दुपारपूर्वीं ते कूपर यांच्या कचेरींत पोंचले. कूपर यांस प्रसंगाचें गांभीर्य तत्काळ उमगलें. सव्वाबाराच्या सुमारास त्यांनीं तार केली कीं, सर्व गोष्टींचा विचार होईपर्यंत पुलावर अधिक भार घालूं नये. पण ही तार गेली फीनिक्सव्हिलच्या कारखान्याला; क्वेबेकला नव्हे. मॅक्लूर क्वेबेकला तार करणार होते, पण गाडी गांठण्याच्या घाईंत तें राहून गेलें. सायंकाळीं पांचच्या सुमारास ते फीनिक्सव्हिलला पोंचले. तेथें बैठक झाली आणि ठरलें कीं, सकाळच्या टपालानें जागेवरील इंजिनियरचें पत्र येईल, तें पाहून पुढें काय तें करावें.

त्याच सायंकाळीं ५ वाजून ३७ मिनिटांनीं, काम सुटण्याच्या वेळीं, पुलाची दक्षिणेकडील सारी बाजू कोसळली. १९,००० टन पोलाद अवघ्या पंधरा सेकंदांत खालीं आलें. पुलावर ८६ माणसें होतीं. त्यांपैकीं ७५ मृत्युमुखीं पडलीं. कित्येक जण पोलादाखालीं जिवंत सांपडले, परंतु त्यांना सोडवितां येईना. आणि भरतीचें पाणी चढत गेलें. मृतांपैकीं ३३ जण काह्नावाके गांवच्या मोहॉक जमातीचे होते. उंचीवर निर्भयपणें काम करण्याबद्दल या लोकांची ख्याति होती. एका सायंकाळीं त्या लहानशा गांवाचे इतके कर्ते पुरुष गेले, कीं यापुढें गांवचे सर्व पुरुष एकाच कामावर जाऊं नयेत असा तेथील स्त्रियांनीं आग्रह धरल्याचें सांगतात. त्यांच्यापैकीं कित्येकांच्या थडग्यांवर पोलादी तुळयांचे क्रूस उभे आहेत.

सरकारनें नेमलेल्या तीन इंजिनियरांच्या आयोगानें १९०८ सालीं आपला निर्णय दिला. खालच्या तुळ्यांची रचना सदोष होती. ती झ्लाप्का यांनीं केली व कूपर यांनीं मान्य केली. आणि ही चूक लोभामुळें वा कर्तव्यच्युतीमुळें झाली नसून निर्णयबुद्धीची होती, असें आयोगानें म्हटलें. एवढ्या मोठ्या दाबाच्या तुळ्यांविषयीं त्या काळचें ज्ञानही अपुरें होतें, हेंही आयोगानें नमूद केलें. निर्णय न्याय्य आहे. तरीही त्यानें एक प्रश्न मिटत नाहीं. ज्ञान अपुरें होतें हें मान्य. मग त्रयस्थाची तपासणी नाकारली कां? अपुऱ्या ज्ञानाचा इलाज अधिक डोळे हाच होता, आणि मानापमानाच्या कल्पनेनें तेच मिटविले.

२९ तारखेला पूल वांचला असता असें नाहीं. बहुधा तो वांचण्यापलीकडे गेला होता. परंतु माणसें वांचलीं असतीं. तार निघाल्यापासून पूल पडेपर्यंत पांच तासांहून अधिक वेळ होता, आणि शंभर माणसांना पुलावरून खालीं उतरविण्यास दहा मिनिटेंही लागत नाहींत. शास्त्राची चूक झांकण्याजोगी असेल. पण शंका उत्पन्न झाल्यावर आधीं माणसें बाजूला काढावीं आणि मग चर्चा करावी, हें कळण्यास कोणत्याही पदवीची आवश्यकता नव्हती. काम चालू ठेवण्यासाठीं पुरावा लागला नाहीं, थांबविण्यासाठीं मात्र प्रत्येकानें पुरावा मागितला. हीच खरी नैतिक चूक.

सरकारनें मग दुसरा पूल हातीं घेतला. त्याच्या तुळ्या कितीतरी अधिक भरभक्कम होत्या. तरीही ११ सप्टेंबर १९१६ रोजीं मधला गाळा वर उचलतांना नदींत कोसळला व आणखी १३ माणसें दगावलीं. १९१७ सालीं पूल अखेर पुरा झाला. त्या जातीच्या पुलांत त्याचा १,८०० फुटांचा गाळा आजही जगांत सर्वांत लांब आहे.

१९२२ सालीं मॉन्ट्रियल येथें टोरोंटो विद्यापीठाचे प्राध्यापक हॉल्टेन यांनीं अशी कल्पना मांडली कीं, नव्या इंजिनियरनें धंद्यांत शिरतांना आपल्या जबाबदारीची प्रतिज्ञा घ्यावी. त्या विधीचे शब्द रचून देण्याची विनंती रड्यार्ड किपलिंग यांस करण्यांत आली. हे किपलिंग १८६५ सालीं मुंबईस जन्मलेले; त्यांचे वडील जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत अध्यापक होते. १९२५ सालीं पहिला विधि झाला. तेव्हांपासून कॅनडांतील इंजिनियर ज्या हातानें लिहितो त्या हाताच्या करंगळींत एक साधी अंगठी घालतो. ती क्वेबेकच्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते ही आख्यायिका खरी नाहीं. आख्यायिका खोटी असली तरी लोकांनीं ती कां रचली, हें उघड आहे.

आराखडा काढतांना ती अंगठी कागदाला घांसते. प्रत्येक रेघेखालीं कोणीतरी उभा राहणार आहे आणि त्याला आपलें गणित ठाऊक नाहीं, एवढी आठवण तिनें करून दिली तरी पुरें. शपथ मोडणें सोपें आहे, आणि अंगठीनें पूल उभे राहात नाहींत. पूल उभे राहतात ते दुसऱ्याकडून आपली चूक दाखवून घेण्याच्या तयारीवर, आणि वेळीं काम थांबविण्याच्या धैर्यावर.