मानमोडीपासून घंटागाडीपर्यंत

घरात कुणाचं अंग कणकणलं, की माझी आजी आधी एकच विचारायची, "मान दुखतीया काय रं?" आम्ही हसायचो. पण ती हसत नसे. १९१८ साली ती दहा वर्षांची होती. दसऱ्याच्या आसपास आठ दिवसांत तिची आई गेली, पाठोपाठ धाकटा भाऊ गेला. त्या साथीला लोक 'मानमोडी' म्हणत.

पुस्तकातला स्पॅनिश फ्ल्यू तो हाच. जून १९१८ मध्ये तो मुंबई बंदरात उतरला. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी, भयंकर लाट आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं दगावली. पावसानं दगा दिला होता, महायुद्धानं धान्य महाग केलं होतं आणि साथ रेल्वेनं गावोगाव फिरत होती. कोल्हापूरला मिरजेहून गाडी १८९१ पासूनच येत होती. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर बळी गेले. डॉक्टरांजवळ औषध नव्हतं. असणार कुठून? शत्रूच ठाऊक नव्हता. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला १९३३ मध्ये.

पुढं औषधं आली. १९६६ मध्ये अमेरिकेत अमॅन्टाडिनला मान्यता मिळाली. विषाणूनं रूप बदललं आणि ते निकामी झालं. १९९९ मध्ये ओसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू, आलं. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्ल्यूचा देशातला पहिला बळी गेला, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. गंमत अशी, की या औषधाचा कच्चा माल बरीच वर्षं चक्रीफुलातून काढत. आपण लक्ष्मीपुरीतून आणून चटणीच्या मसाल्यात घालतो, तेच चक्रीफूल! अर्थात चटणी खाऊन फ्ल्यू जात नाही, हे सांगायला नकोच.

नवे विषाणू पेशीतून सुटताना एक प्रथिन कात्रीसारखं वापरतात. टॅमिफ्लू त्या कात्रीच्या पात्यांत अडकून बसतं. पण विषाणूनं पात्यांचा आकार जरा बदलला, की औषध सटकतं. २००७-०८ च्या हंगामापासून असे विषाणू जगभर दिसू लागले.

मग कात्री अडवण्याऐवजी मोडूनच टाकली तर? आपल्या पेशीतही एक घंटागाडी असते. नको असलेल्या प्रथिनावर पेशी खुणेची चिठ्ठी डकवते आणि त्याचे तुकडे होतात. या शोधाला २००४ चं नोबेल मिळालं. त्याआधीच, २००१ मध्ये, क्रूज आणि डेशाइस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दोन टोकांचा आकडा बनवला होता. एका टोकानं नको ते प्रथिन धरायचं, दुसऱ्यानं चिठ्ठी डकवणारा. काम झालं, की आकडा पुढच्या प्रथिनाला मोकळा.

२०२२ मध्ये चिनी संशोधकांनी ओसेल्टामिविरलाच असं एक टोक केलं. प्रयोगशाळेतल्या पेशींत विषाणूची कात्री मोडली गेली; टॅमिफ्लूला न जुमानणाऱ्या विषाणूवरही मात्रा चालली. पण पेशींपासून माणसापर्यंतची वाट लांब आहे. हे औषध अजून दुकानात मिळत नाही. तोवर लस, आणि ताप येताच पहिल्या दोन दिवसांत डॉक्टर गाठणं, हाच शहाणपणा.

आजीच्या आईजवळ यातलं काहीच नव्हतं. म्हणून आता नातवाचं अंग तापलं, की मी हसत नाही. मीही विचारतो, "मान दुखतीया काय रं?"