साखरेला पर्याय: वर्ध्यातील ताडगुळाचा प्रयोग

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारात जा किंवा आपल्या गावच्या किराणा दुकानात, साखर नको असणाऱ्या ग्राहकापुढे आज बरेच पर्याय असतात: सेंद्रिय गूळ, ताडगूळ, स्टीव्हियाची भुकटी, शिवाय प्रयोगशाळेत तयार झालेल्या गोड गोळ्या. वनस्पतीपासून मिळणारी दुसरी गोडी निवडावी, ही कल्पना आपल्याला आरोग्याच्या जाहिरातींतून आलेली वाटते. भारतात मात्र एक संघटित कार्यक्रम म्हणून ती १९३०च्या दशकात वर्ध्यात मांडली गेली, आणि तिचे मुख्य कारण मधुमेह नव्हते.

आधी पार्श्वभूमी पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात पांढरी साखर मोठ्या प्रमाणावर जावाहून येई. घरोघर वापरात होता तो गूळ. १९३२ साली सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला, आयात साखरेवर जबर जकात बसली आणि चार-पाच वर्षांत देशातील कारखान्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. राष्ट्रीय उद्योगाची ही यशोगाथाच होती. पण गुऱ्हाळावरचा ऊस कारखान्याकडे वळला की गुळव्याचे काय होणार, हा प्रश्न त्या यशातूनच निघाला.

डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ 'मगनवाडी' हे नाव मिळाले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे लंडनला हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतलेले आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले गृहस्थ. हातसडीचा तांदूळ, तेलघाणी, मधमाशीपालन, हातकागद यांच्या जोडीला संघाने गूळ हाती घेतला आणि त्यातही ताडगुळावर विशेष भर दिला.

कुमारप्पांचा युक्तिवाद नीट समजून घ्यावा, कारण त्यात चवीचा भाग थोडा आणि जमिनीचा फार आहे. उसाला चांगली जमीन आणि भरपूर पाणी लागते. त्याच जमिनीत धान्य पिकू शकते. ताड आणि शिंदी मात्र बांधावर, पडीक माळावर, ओढ्याकाठी आपसूक वाढतात. गोडी या झाडांपासून घेतली, तर उसाखालची जमीन अन्नासाठी मोकळी होईल. दारूबंदी झाली तर ताडी काढणाऱ्यांचा रोजगार जाणार होता. तोच माणूस, तेच झाड आणि तेच कसब वापरून ताडीऐवजी गूळ करता येईल, हा हिशेबही त्यात होता.

कृती वरवर सोपी आहे. झाडाच्या शेंड्याकडे छेद देऊन रात्रभर रस मडक्यात गोळा करायचा. मडक्याला आतून चुना लावायचा, म्हणजे रस आंबत नाही. ही झाली नीरा. ऊन चढण्याआधी ती उतरवून लगेच कढवावी लागते. चुना कमी पडला किंवा उशीर झाला की नीरेची ताडी होते. एक किलो गुळाला साधारण आठ-दहा लिटर नीरा आटवावी लागते, म्हणजे सरपणही तितकेच. शेगावात (पुढचे सेवाग्राम) गजानन नाईक यांनी हे काम चिकाटीने केले. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यातही नीरा आणि तिच्या गुळाची शिफारस आहे.

मग हा पर्याय मागे का पडला? एक अडचण कायद्याची. मुंबई इलाख्यात १८७८च्या अबकारी कायद्यापासून ताडीच्या झाडांवर कर होता. झाडाचा रस ही सरकारच्या लेखी दारूच्या महसुलाची बाब होती. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नीरेची व्याख्या वेगळी केली, तरी परवाना राहिलाच. दुसरी अडचण, माझ्या मते जास्त निर्णायक, विखुरलेपणाची. माळावर इकडेतिकडे उभ्या झाडांचा रस भल्या पहाटे एका कढईत आणणे आणि शेकडो एकर ऊस एका कारखान्यात आणणे, यांत बरोबरी होऊ शकत नव्हती. १९५०-५१च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या या प्रयोगाने उसाचा पैसा शेतकऱ्याच्या हाती दिला. त्यानंतर महाराष्ट्रात ग्रामीण विकास म्हणजे ऊस असे समीकरण झाले. कुमारप्पांनी विचारलेला पाण्याचा प्रश्न मात्र दर दुष्काळात पुन्हा वर येतो.

ताडगुळाच्या प्रचारात आरोग्याचे दावेही होते. ते जपून वाचावेत. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण त्याचा मुख्य घटक साखरच आहे. मधुमेही माणसाला ताडगूळ निर्धोक ठरत नाही.

त्या गरजेची वाट वेगळ्या दिशेने गेली. १८७९ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रेमसन यांच्या प्रयोगशाळेत फालबर्ग यांना सॅकरिन सापडले, दगडी कोळशाच्या डांबरावर काम करताना. पहिल्या महायुद्धातील साखरटंचाईत युरोपात त्याचा खप वाढला. स्टीव्हिया ही पॅराग्वेतील ग्वारानी लोकांना पूर्वापार माहीत असलेली वनस्पती. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये तिला वाट दिली, पण परवानगी मिळाली ती पानातून काढलेल्या शुद्ध गोड घटकांना. पान शेतातले, पुडीतली पांढरी भुकटी कारखान्यातली. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरविरहित गोडी वापरू नये अशी सूचना केली, तेव्हा त्या यादीत सॅकरिनसोबत स्टीव्हियाही होती. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही सूचना लागू नव्हती.

मगनवाडीत 'नैसर्गिक' ठरवताना जमीन कोणती, कष्ट कोणाचे आणि नफा कोणाकडे, हे विचारले जाई. आजच्या पुडीवर उष्मांक छापलेले असतात. नीरा मात्र अजून मिळते, सकाळी लवकर गेलात तर.