निरवांगीचा टॉवर आणि जालन्याचा खटला

निरवांगी नीरेच्या काठावर. अलीकडे इंदापूर तालुका, पुणे जिल्हा. पलीकडे माळशिरस, सोलापूर जिल्हा. नदी ओलांडायला माणसाला पूल लागतो, लहरींना नाही. रात्री उसाला दारं धरणाऱ्याचा फोन पलीकडच्या टॉवरला चिकटू शकतो. मग नोंदीत तो सोलापूर जिल्ह्यात!

ही नोंद मुळात हेरगिरीसाठी नाही. तुम्हाला आलेला फोन कुठे वाजवायचा, हे नेटवर्कला ठाऊक असावं लागतं. बहुतेक टॉवरवर तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात. कुठला टॉवर, कुठली दिशा, किती वाजता, हे कॉलसोबत कंपनीकडे साठतं. हाच तो सीडीआर. त्यातून नेमकी जागा कळत नाही, पट्टा कळतो. शहरात काहीशे मीटरचा, शिवारात काही किलोमीटरचा. टूजीत सिग्नलला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढता येई, पण तेही सुमारे ५५० मीटरच्या टप्प्यांनी. मालिकेतला तो घरावर लुकलुकणारा लाल ठिपका विसरा.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा. पुरावा कायदा तेव्हा १८७२ चा. त्यात २००० साली कलम ६५-ब आलं: संगणकातल्या नोंदीची प्रत कोर्टात दिली, तर सोबत प्रमाणपत्र हवं. खरंच हवंच का, यावर वीस वर्षं घोळ चालला.

तो मिटला जालन्याच्या खटल्यात, आणि गंमत म्हणजे तिथे वाद मोबाईलचा नव्हताच. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० ला सांगितलं: प्रमाणपत्र सक्तीचं, पण सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तर मागणाऱ्याला सूट.

त्याच निकालात मोबाईल कंपन्यांनाही आदेश होता: तपासात सीडीआर जप्त झाला, तर त्या काळातल्या नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवा, म्हणजे बचाव पक्षालाही त्या मागवता येतील. आदेश मोलाचा, कारण परवान्यानुसार सीडीआर ठेवायची मुदत होती किमान एक वर्ष. डिसेंबर २०२१ मध्ये ती दोन झाली. आपल्याकडे खटले त्याहून कितीतरी लांबतात. ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणणाऱ्याच्या बाजूनं टॉवर बोलू शकतो. पण पोलिसांनी ज्या नंबरची नोंद मागितलीच नाही, ती दोन वर्षांनी पुसली जाऊ शकते.